बाण हरवलेला धैवत: लिलीपाँडमध्ये श्रुती लिहिण्याची आणि लिहिलेलं टिकवण्याची रीत

तानपुरा नीट जुळला की खरजाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तो सा पासून ३८६ सेंटांवर असतो. पियानोचा गंधार ४०० सेंटांवर. आपल्या कानाला हा १४ सेंटांचा फरक लगेच खुपतो. पण पाश्चात्त्य लिपीतल्या पाच रेघांच्या स्टाफवर नुसता 'ई' (सा म्हणजे 'सी' धरला तर गंधार) लिहून चेलोवादकापुढे कागद ठेवला, तर आपल्याला कुठला गंधार हवा आहे हे त्याला कळणार कसं?

मी व्हायोलिन शिकवते आणि रागांवर आधारलेल्या रचनांचे कागद पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या वादकांसाठी तयार करते. भातखंडे लिपी या कामाला पुरत नाही. तिच्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ येते, पण एकाच कोमल गंधाराच्या दोन जागा वेगळ्या दाखवायची सोय नाही. राग गुरूसमोर बसून शिकलेल्याला तिची गरजही नसते. ज्याच्या हातात फक्त कागद आहे, त्याला मात्र ती लागते.

हे काम मी लिलीपाँडमध्ये करते. हा मोफत आणि मुक्त प्रोग्राम हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये सुरू केला. त्यात माउसने स्वर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराची फाइल लिहायची, ती चालवायची आणि छापील दर्जाची पीडीएफ मिळवायची. सूक्ष्म स्वरांसाठी हे फार सोयीचं आहे, कारण स्वराचं नाव, त्याची उंची आणि त्याचं चिन्ह या तिन्ही गोष्टी आपल्याला स्वतः ठरवता येतात. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फाइलीत त्या रोमन अक्षरांत टंकायच्या.

आधी स्वरांचा तक्ता

संगणक उघडायच्या आधी हा तक्ता वहीत मांडा. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकात बावीस श्रुती, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा, आहेत, पण त्यांची गुणोत्तरं नाहीत. ती आकड्यांत बसवण्याचे प्रयत्न पुढे बऱ्याच जणांनी केले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली पुण्यातून प्रसिद्ध केलेलं काम हा त्यातला आपल्या मातीतला महत्त्वाचा टप्पा. आज साधारणपणे जो तक्ता वापरात दिसतो, त्यात सा आणि पंचम अचल आहेत आणि बाकीच्या दहा स्वरांना दोन-दोन जागा आहेत:

कोमल रिषभ २५६/२४३ आणि १६/१५. शुद्ध रिषभ १०/९ आणि ९/८
कोमल गंधार ३२/२७ आणि ६/५. शुद्ध गंधार ५/४ आणि ८१/६४
शुद्ध मध्यम ४/३ आणि २७/२०. तीव्र मध्यम ४५/३२ आणि ७२९/५१२
कोमल धैवत १२८/८१ आणि ८/५. शुद्ध धैवत ५/३ आणि २७/१६
कोमल निषाद १६/९ आणि ९/५. शुद्ध निषाद १५/८ आणि २४३/१२८

कुठलीही जोडी घ्या, दोन जागांमधलं अंतर एकच निघतं: ८१/८०, म्हणजे साडेएकवीस सेंट. पाश्चात्त्य शास्त्रात याला सिंटॉनिक कोमा म्हणतात. हे लक्षात आलं त्या दिवशी माझं निम्मं काम हलकं झालं. बावीस वेगळी चिन्हं शोधायची गरजच नाही. नेहमीचे शार्प (स्वर चढवणारं चिन्ह) आणि फ्लॅट (उतरवणारं), आणि 'एक कोमा वर' किंवा 'एक कोमा खाली' सांगणारा बाण, एवढ्यात सगळं बसतं.

अशी चिन्हपद्धती तयारही आहे. मार्क साबा आणि वोल्फगांग फॉन श्वाइनिट्स यांनी या शतकाच्या सुरुवातीला ती मांडली आणि तिला हेल्महोल्ट्झ-एलिस असं नाव दिलं. तिच्यात बिनबाणाचं चिन्ह म्हणजे षड्ज-पंचम भावाच्या साखळीतून (पंचमाचा पंचम घेत) आलेला स्वर आणि बाण म्हणजे कोमा. सा म्हणजे 'सी' धरला तर ९/८ चा रिषभ नुसता 'डी' होतो आणि १०/९ चा रिषभ खाली बाण असलेला 'डी'. तानपुऱ्यातला ५/४ चा गंधार म्हणजे खाली बाण असलेला 'ई', आणि ६/५ चा कोमल गंधार म्हणजे वर बाण असलेला 'ई फ्लॅट'. थोडक्यात, शुद्ध रे, ग, ध, नी आणि तीव्र म यांना बाण लागला तर तो खाली जातो. कोमल स्वरांना आणि शुद्ध मध्यमाला लागला तर तो वर जातो.

हा तक्ता म्हणजे गायकी नव्हे. दरबारीचं आंदोलन आणि तोडीची मींड कुठल्याच गुणोत्तरावर थांबत नाहीत. जिथे स्वर स्थिर लावायचा आहे तिथली जागा दाखवायला तक्ता वापरा, हलत्या स्वरासाठी कागदावर शब्दांत सूचना लिहा.

कोमाची उंची ठरवताना

लिलीपाँड उंची पूर्ण स्वरात मोजतं आणि अपूर्णांकात लिहितं. पूर्ण स्वर १, शार्प १/२, पाव स्वर १/४. सप्तक म्हणजे ६. पाव स्वरांसाठी डच नावं अंगभूत आहेत (शार्पच्या बाजूला 'आय-एच', फ्लॅटच्या बाजूला 'ई-एच' हा प्रत्यय). अरबी संगीत आणि तुर्की मकाम (तिकडची रागांसारखी पद्धत) यांच्या फाइलीही सोबत येतात. मकामच्या फाइलीत पूर्ण स्वराचे नऊ भाग केलेले आहेत, म्हणून एक भाग २२.२ सेंटांचा होतो.

तेव्हा सोपा मार्ग असा: शार्प-फ्लॅट जसेच्या तसे ठेवायचे आणि बाणासाठी १/९ वापरायचा. फक्त छपाई करायची असेल तर एवढं पुरतं. ऐकायचं असेल तर नाही. कारण मूळ 'ई' समान स्वरांतराचा, म्हणजे पियानोसारखा ४०० सेंटांचा आहे. त्यातून २२ वजा केले की ३७८ उरतात, आणि आपल्याला ३८६ हवे आहेत. हा गंधार उतरलेला लागतो. मी सुरुवातीला हीच वाट धरली होती आणि स्पीकरमधून आलेला भूप ऐकून फाइल बंद केली होती.

दुसऱ्या मार्गाला थोडी जास्त मेहनत आहे, पण मी तोच सुचवेन. सप्तकाचे ५३ समान भाग करा. पूर्ण स्वराचे ९ भाग, अर्ध्या स्वराचे (ई ते एफ, बी ते सी) ४ आणि शार्पचे ५. यात पंचम खऱ्या पंचमापासून ०.०७ सेंटांवर येतो आणि ५/४ चा गंधार दीड सेंटाच्या आत. एक भाग म्हणजे लिलीपाँडच्या मोजमापात ६/५३.

लायब्ररीची फाइल

आता एक स्वतंत्र फाइल करा. तिला 'श्रुती' नाव आणि 'आय-एल-वाय' हा प्रत्यय द्या. हा प्रत्यय सक्तीचा नाही, पण ही फाइल दुसऱ्या फाइलीत जोडायची आहे हे त्यावरून ओळखू येतं. रचनेच्या फाइलीत वरच 'इन्क्लूड' आज्ञेनं ती बोलवायची. तिच्यात चार गोष्टी याच क्रमाने येतात.

पहिली ओळ 'व्हर्जन'ची: बॅकस्लॅश, तो शब्द आणि अवतरणचिन्हांत तुमची आवृत्ती, उदाहरणार्थ २.२४.०. या ओळीचं महत्त्व पुढे कळेल.

मग मूळ सप्तक. लिलीपाँडच्या आत वापरल्या जाणाऱ्या स्कीम या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'एलवाय:सेट-डिफॉल्ट-स्केल' या फंक्शनला 'एलवाय:मेक-स्केल'नं बनवलेलं सप्तक द्यायचं. सी पासून बी पर्यंतचे सात आकडे क्रमाने असे: ०, ५४/५३, १०८/५३, १३२/५३, १८६/५३, २४०/५३, २९४/५३. तुमची बेरीज बरोबर आहे का ते पाहायला शेवटच्या आकड्यात अर्ध्या स्वराचे २४/५३ मिळवा. ३१८/५३, म्हणजे बरोबर ६ यायला हवेत.

तिसरी गोष्ट नावांची यादी. प्रत्येक नावासमोर 'एलवाय:मेक-पिच' आणि तीन आकडे येतात: सप्तक (उणे १), स्वराचा क्रम (सी ला ०, डी ला १, असं बी ला ६ पर्यंत) आणि बदल. मी डच नावंच ठेवते आणि शेवटी वर जाण्यासाठी 'पी', खाली येण्यासाठी 'एम' जोडते. तानपुऱ्याचा गंधार 'ई-एम' झाला: क्रम २, बदल उणे ६/५३. वर बाणाचा कोमल गंधार 'ई-ई-एस-पी': क्रम तोच, बदल उणे २४/५३, कारण फ्लॅट उणे ३०/५३ आणि त्यात एक कोमा मिळवलेला. तीव्र मध्यम ४५/३२ म्हणजे 'एफ-आय-एस-एम': क्रम ३, बदल अधिक २४/५३. यादी झाली की ती 'एलवाय:पार्सर-सेट-नोट-नेम्स'ला द्यायची.

चौथी गोष्ट चिन्हांचा तक्ता. लिलीपाँडच्या स्वतःच्या एमेंटालर फाँटमध्ये बाणाचे शार्प, फ्लॅट आणि नॅचरल (मूळ स्वराचं चिन्ह) आहेत. त्यांची नावं 'अॅक्सिडेंटल्स'पासून सुरू होऊन पुढे टिंब देत 'फ्लॅट', मग 'अॅरोअप' किंवा 'अॅरोडाउन' अशी जातात. आपल्याला सात जोड्या लागतात: ० ला नॅचरल, अधिक ३०/५३ ला शार्प, उणे ३०/५३ ला फ्लॅट, अधिक ६/५३ आणि उणे ६/५३ ला बाणाचे नॅचरल, अधिक २४/५३ ला खाली बाणाचा शार्प, उणे २४/५३ ला वर बाणाचा फ्लॅट. २.२४ मध्ये ही यादी लेआउटच्या भागात स्कोअर संदर्भाच्या 'ऑल्टरेशन-ग्लिफ्स' या गुणधर्माला एकदाच दिली की झालं. प्रत्यक्षात मधली जोडरेघ गाळून दोन्ही शब्द जोडून लिहायचे आणि दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवायचं.

इथे एक खड्डा आहे. 'की' आज्ञेसोबत येणारे तयार 'मेजर' आणि 'मायनर' १/२ च्या फ्लॅटवर बेतलेले आहेत. आपला फ्लॅट ३०/५३ आहे. सी मायनर लावलंत तर लिलीपाँडला दोन्ही फ्लॅट वेगळे वाटतात आणि प्रत्येक स्वरापाशी पुन्हा चिन्ह उमटतं. म्हणून थाटाची यादी स्वतः लिहा, नाहीतर सुरुवातीला चिन्हं न लावता प्रत्येक स्वरालाच लावा. मी दुसरंच करते.

चाचणीचं पान

कुठलीही रचना लिहिण्याआधी बावीस स्वरांचं एक पान करा. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत ओळीनं, प्रत्येकाखाली नाव आणि गुणोत्तर. गीताच्या ओळी आणि शीर्षकं देवनागरीत थेट टंकता येतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि जोडाक्षरं नीट जुळवणारा फाँट नेमा. याच पानावर तेच स्वर 'ट्रान्सपोज'नं पंचम वर नेऊन पुन्हा छापा. तक्त्यात एखादी जोडी राहिली असेल तर ती इथे उघडी पडते. चिन्ह सापडलं नाही की लिलीपाँड थांबत नाही, लॉगमध्ये (फाइल चालवताना येणाऱ्या संदेशांत) अमुक बदलासाठी चिन्हाचं नाव मिळालं नाही असा इशारा देतं आणि पुढे जातं. म्हणून लॉग शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.

ऐकण्यासाठी त्याच फाइलीत मिडीचा (सिंथेसायझरला स्वर वाजवायला सांगणाऱ्या फाइलीचा) भाग जोडा. लिलीपाँड सूक्ष्म स्वर पिच-बेंडनं, म्हणजे स्वर थोडा वर-खाली सरकवण्याच्या आज्ञेनं, पाठवतं. पिच-बेंड अख्ख्या चॅनेलला लागू होतो, त्यामुळे एका स्टाफवरचे एकत्र वाजणारे दोन वेगळे सूक्ष्म स्वर बिघडतात. एकल ओळ नीट वाजते. सा-पंचमाची साथ हवी असेल तर ती वेगळ्या स्टाफवर लिहा. वाजवणाऱ्या सिंथेसायझरचा बेंडचा पल्ला दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली आहे ना, तेही बघा.

वादकाच्या डोळ्यांसाठी

नेहमीच्या रीतीत एकदा लावलेलं चिन्ह पुढच्या उभ्या दांडीपर्यंत (बार-लाइनपर्यंत) चालतं. बाणांच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. 'अॅक्सिडेंटल-स्टाइल'ला 'डोडेकाफोनिक-नो-रिपीट' सांगा. मग प्रत्येक स्वराला त्याचं चिन्ह मिळतं, फक्त लगोलग आलेल्या त्याच स्वराला पुन्हा नाही.

पहिल्या सरावासाठी मी स्वरांवर ट्यूनरचे आकडेही छापते, म्हणजे समान स्वरांतरापासून किती सेंट वर किंवा खाली. तानपुऱ्याचा गंधार उणे १४, ६/५ चा कोमल गंधार अधिक १६, १६/१५ चा कोमल रिषभ अधिक १२, ५/३ चा धैवत उणे १६, पंचम अधिक २. वादक दोन-तीन दिवस आकडे बघतात, मग कानानं वाजवू लागतात, आणि शेवटच्या प्रतीत मी आकडे काढून टाकते. छोट्या आकाराच्या स्टाफवर बाणाचं टोक दिसेनासं होतं, तेव्हा स्टँडवर कागद ठेवून हातभर मागे उभं राहून बघा.

तयार लायब्ररी घेताना

सगळं स्वतः करायचं नसेल तर टोमास रिश्टर यांची एकमेलिली ही लायब्ररी आहे. १९, ३१, ५३, ७२ अशा बऱ्याच विभागण्या आणि चिन्हांच्या वेगवेगळ्या शैली तिच्यात मिळतात. तिच्यासोबत एकमेलॉस हा फाँट लागतो. तो स्मुफल या संगीत-फाँटांच्या प्रमाणावर बेतलेला आहे. स्मुफलची चिन्हं युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात असतात, म्हणजे फाँट नसेल तर साधा मजकुराचा फाँट ती जागा भरून काढू शकत नाही.

याचा अर्थ मला तालमीत कळला. माझ्या एका रचनेत भूप राग आणि त्यामागून देशकार राग येतो. दोन्हींत स्वर तेच पाच, आणि देशकाराचा धैवत चढा लावावा असं शिकवणारे बरेच आहेत. म्हणून भूपात खाली बाणाचा 'ए' आणि देशकारात नुसता 'ए' लिहिला होता. बाण वेगळ्या फाँटमधून घेतलेले. मधे मी संगणक बदलला, फाइली आणल्या, फाँट आणायचा राहिला. पीडीएफ झाली, इशारे मी वाचले नाहीत, आणि बाणांच्या जागी रिकामी जागा छापली गेली. चेलोवादक बाईंनी भूप सुरू केला आणि पहिल्याच ध वर मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कागदावर होतं तेच वाजवलं होतं. भूपात देशकाराचा धैवत लागला होता. त्या दिवशी सोळा पानांवर पेन्सिलीनं बाण काढले.

तेव्हापासून लायब्ररी आणि फाँट दोन्हींची प्रत रचनेच्या फोल्डरमध्येच ठेवते, संगणकात कुठेतरी नाही. आणि शक्य तिथे लिलीपाँडच्या अंगभूत बाणांवरच काम भागवते.

नवी आवृत्ती आली की

लिलीपाँडच्या आवृत्तीतला मधला आकडा सम असेल तर ती स्थिर, विषम असेल तर प्रयोगातली. २.२० मार्च २०२० मध्ये आली, २.२४ डिसेंबर २०२२ मध्ये. छापायच्या कामाला स्थिर आवृत्तीच घ्या.

नवी बसवताना जुनी काढू नका. लिलीपाँडच्या फाइली लिहायच्या फ्रेस्कोबाल्डी या संपादन-प्रोग्राममध्ये अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी नोंदवता येतात, आणि फाइलीतली व्हर्जनची ओळ वाचून योग्य ती आपोआप निवडायला सांगता येतं. जुनी रचना जुन्या आवृत्तीतच घडाघड छापली जाते. अपूर्ण राहिलेलं काम घाईत नव्या आवृत्तीत ढकलायची वेळ येत नाही.

लायब्ररी पुढे न्यायची तेव्हा क्रम असा ठेवा. आधी जुन्या आवृत्तीत चाचणीचं पान पीएनजी चित्र म्हणून काढून बाजूला ठेवा. सगळं फोल्डर गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नोंदवा. मग 'कन्व्हर्ट-एलवाय' चालवा. हा प्रोग्राम लिलीपाँडसोबतच येतो, व्हर्जनची ओळ वाचतो आणि त्यानंतर बदललेली व्याकरणं सुधारतो. ती ओळ नसेल तर सुरुवात कुठून करायची हे त्याला तुम्हीच सांगावं लागतं. 'ई' हा पर्याय दिला की मूळ फाइलच बदलते आणि जुनी प्रत नावापुढे लाटेचं चिन्ह लावून बाजूला राहते. फ्रेस्कोबाल्डीतून चालवलंत तर काय-काय बदलतंय ते आधी समोर दिसतं. जोडलेल्या फाइलींत तो स्वतःहून शिरत नाही, म्हणून रचना आणि लायब्ररी दोन्हींवर वेगवेगळा चालवा.

स्कीममध्ये लिहिलेला भाग मात्र बऱ्याचदा हातानंच सुधारावा लागतो, आणि आपल्या श्रुतीच्या फाइलीत नेमका तोच जास्त आहे. तीन जागी मी अडकले आहे. २.१८ च्या काळात प्रत्येक संगीत-फंक्शनच्या सुरुवातीला 'पार्सर लोकेशन' हे दोन शब्द लागत. २.२० पासून लागत नाहीत. साध्या ठिकाणी कन्व्हर्ट-एलवाय ते काढतं, आडवळणानं लिहिलं असेल तर राहून जातात. दुसरी जागा चिन्हांच्या तक्त्याची. पूर्वी तो सूर-चिन्ह, कंसातलं सावधचिन्ह, सुरुवातीची चिन्हं अशा प्रत्येकाला वेगळा द्यावा लागे. माझ्या जुन्या फाइलीत तीच यादी चार वेळा होती. आता ती स्कोअरवर एकदाच येते, तेव्हा जुन्या चारही काढून एक ठेवली. तिसरी जागा स्कीमच्याच इंजिनाची. २.२२ पर्यंतच्या अधिकृत प्रतींत गाइल १.८ होतं, २.२४ मध्ये गाइल २.२ आलं. ते कडक आहे. अटीच्या आत 'डिफाइन' लिहिलेलं जुनं इंजिन चालवून घेई, नवं थेट चूक दाखवतं. व्याख्या वर काढून ठेवली की सुटतं.

हे झालं की तेच चाचणीचं पान नव्या आवृत्तीत काढा आणि दोन्ही चित्रं इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्रामच्या 'कंपेअर' आज्ञेनं एकावर एक ठेवा. जागा एखाद्या पिक्सेलनं सरकलेल्या दिसतील, त्या सोडा. बाण मोजा: पहिल्या ओळीत दहा, पंचमावर नेलेल्या ओळीतही दहाच. दोन्ही ओळी बरोबर आल्या की व्हर्जनची ओळ बदला, गिटमध्ये नवी खूण करा, आणि मगच रचनेच्या फाइलीला हात लावा.

तालमीला पीडीएफ पाठवायच्या आधी मी आजही भूपाचं पान उघडते आणि प्रत्येक ध वरचा बाण बोटानं मोजते.